सल्ला पाहिजे: 2012 ची स्प्लेंडर विकू की ठेवू, आणि पुढची गाडी कोणती घेऊ?

पांदणीकाठचा (ता. राळेगाव)

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

घरी 2012 ची स्प्लेंडर प्लस आहे, एमएच 29 पासिंग. एक लाख बारा हजार किलोमीटर झाली. तीन वर्षांपूर्वी बोअर-पिस्टनचं काम केलं. आजही सकाळी दुसऱ्या किकला उठते.

गेल्या हंगामापासून मी हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करून राहिलो. गावापासून वडकीपर्यंत गावरस्ता, मग चारपदरी हायवे, वर्धा नदी ओलांडली की पुढे हिंगणघाट. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. हायवेवर ट्रक बाजूनं गेला की गाडी हलते, साठच्या वर नेली की हँडल थरथरते. सीझनमध्ये सुटायला रात्रीचे साडेनऊ होतात. वडकीहून आत वळलं की अंधार, आणि अंधारात रोही (नीलगाय) नाहीतर रानडुकरं. मागच्या आठवड्यात एक रोही दहा हातांवरून आडवा गेला. तेव्हापासून घरचे म्हणतात, गाडी बदल.

दुसरी बाजू अशी की हीच गाडी बाबांची वावरातली गाडी आहे. फवारणीचा पंप, ढेपेचं पोतं, दुधाची कॅन, सगळं हिच्यावरच. वावर दोन किलोमीटर आत आहे, पांदण रस्ता काळ्या मातीचा. मी गाडी घेऊन गेलो की बाबा पायी जातात.

शोरूमवाला एक्स्चेंजमध्ये 17 हजार देतो. गावातला एक जण 22 हजार नगदी द्यायला तयार आहे. कापसाचा दुसरा वेचा झाला, हातात 50 हजार आहेत. डोक्यात शाइन 125, रेडर, युनिकॉर्न आहेत, आणि मनातून एक्सपल्स. काय करावं?

काळीभुई (झरी-जामणी)

विकू नका भाऊ. 22 हजारांत तुम्हाला दुसरी वावरात चालणारी गाडी भेटणार नाही, आणि हे पैसे दोन महिन्यांत कुठं गेले ते कळणारही नाही. मी 2019 मध्ये जुनी गाडी विकून नवी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात नवी गाडी पांदणीत नेली, समोरच्या मडगार्डमध्ये चिखल असा भरला की चाक फिरेना. काडीनं उकरत उकरत घरी आणली. मग ती वावरात न्यायचं जिवावर येऊ लागलं आणि शेवटी मी पायीच जाऊ लागलो.

पान्यावाला मेस्तरी (पांढरकवडा)

भाऊ, हँडल थरथरते त्याचा अन् गाडीच्या वयाचा संबंध नाही. पयले कोनसेट, म्हंजे हँडल ज्याच्यावर फिरते ते बेअरिंग, पाह्य. वावरातल्या गड्ड्याइनं कोनसेटच्या वाट्या खाल्ल्या जातात. डबल स्टँडवर लाव, कोणाले तरी मागं दाबाले सांग, समोरचं चाक अधर झालं का हँडल हळूहळू फिरव. मधातच खटका लागून अडकते असं वाटलं तं समज कोनसेट गेला. त्याच्यानंतर मागच्या स्विंग आर्मचे (मागचं चाक धरते तो दांडा) बुश अन् चाकाचे बेअरिंग. स्पोकची रिम असन तं आऊट, म्हंजे रिमचा वाकडेपणा, काहाडून घे.

कोनसेट, चेन सॉकेट, मागचा टायर, क्लच प्लेट, पेट्रोलचा पाइप, सगळं धरून माह्या दुकानात सहा हजाराच्या आत होते. ज्याले गाडी इकाची हाय त्यानंबी हे काम आधी करावं, अन् ज्याले ठेवाची हाय त्यानं तं करावंच.

पेट्रोलाचं सांगतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल भेटते. 2012 ची गाडी त्या हिशेबानं बनेल नाही. रबरी पाइप अन् कार्बोरेटरातल्या रिंगा लवकर खराब होतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढते म्हणून उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरते. गाडी आठ-दहा दिवस उभी राहाणार असन तं कॉक बंद कर अन् इंजन आपोआप बंद पडेपर्यंत चालू राहू दे. कार्बोरेटर कोरडं झालं का त्रास नाही. अन् कापूस भरला त्या खोलीत गाडी उभी करू नको. उंदरं वायरिंग कुरतडतात. अशा तीन गाड्या या महिन्यात आल्या माह्याकडं.

नवी कोणतीही घे, पण हे ध्यानात ठेव का 2020 च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या गाड्या बीएस 6 (धुराच्या नियमाचा टप्पा) हायेत. कार्बोरेटर गेलं, इंजेक्शन आलं. बॅटरी पुरी बसली तं किक असूनही उठनच असं नाही, काऊन का पेट्रोलचा पंप अन् त्याचा कॉम्प्युटर बॅटरीवरच चालते. वावराच्या धुऱ्यावर संध्याकाळी सहा वाजता हे झालं तं धकलत आणा लागते. म्हणून वावराले जुनी गाडी बरी.

हिशेबी (देवळी)

वरच्या दोघांचं मन मी समजू शकतो, पण दोन गाड्या ठेवण्याचा खर्च कोणीच मांडला नाही.

जुन्या गाडीचा थर्ड पार्टी विमा दरवर्षी लागेलच. 75 ते 150 सीसीच्या गाडीला 2022 पासून 714 रुपये आणि वर जीएसटी. मालकाचा अपघात विमा वेगळा. 2012 ची गाडी बीएस 3 आहे, म्हणजे पीयूसी वर्षाची नाही, दर सहा महिन्यांनी. एप्रिल 2019 च्या आधीची असल्यानं नवी एचएसआरपी पाटी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लागते. ती नसेल तर आरटीओत नाव ट्रान्सफर, कर्जाचा बोजा चढवणं-उतरवणं ही कामं अडतात. आणि 2027 मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील. मग गाडी तपासणीला न्या, पर्यावरण कर भरा, नोंदणी वाढवायचा फॉर्म 25 भरा, तेव्हा पुढची पाच वर्षं मिळतात. मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. हे सगळं करायची तयारी असेल तरच ठेवा. बिनाविम्याची गाडी फक्त वावरातच तर जाते असं म्हणून ठेवणारे खूप पाहिले. पांदण संपली की डांबरी येतेच, आणि अपघात कागद पाहून होत नाही.

विकायचं ठरलं तर त्या गावातल्या माणसाला नुसत्या चावीवर गाडी देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, आरसीची प्रत, आणि 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवणं तुमची जबाबदारी आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की गाडी कितीही हातांत फिरली तरी आरसीवर ज्याचं नाव, भरपाई त्याच्याच अंगावर. माझ्या चुलत्यानं पोळ्याच्या आदल्या दिवशी विश्वासावर गाडी दिली. दीड वर्षानं कोर्टाचा कागद घरी आला.

आता कर्ज. शोरूममध्ये दहा टक्के व्याज सांगतील. तो फ्लॅट दर असतो. 60 हजार दोन वर्षांसाठी घेतले तर व्याज 12 हजार, हप्ता 3 हजार. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज मात्र पूर्ण 60 हजारांवर लागलेलं असतं. घटत्या शिलकेवर मोजलं तर हाच दर 18 टक्क्यांच्या वर जातो. विचारताना हप्ता किती हे विचारू नका, एकूण किती परत करायचं ते विचारा. शिवाय आपला पैसा येतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि हप्ता जूनमध्येही येतो, बियाणं घ्यायच्या वेळी. दोन पेरण्यांचे चार-चार हप्ते आधीच बाजूला काढता आले पाहिजेत.

एक चांगली गोष्ट: 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. जुने कोटेशन असतील तर फेकून द्या, नवीन घ्या.

आणि एक विचारायचं राहिलं. गाडी कोणाच्या नावावर आहे?

चारपदरी (वणी)

मी रोज हायवेवर असतो, चार वर्षांपासून युनिकॉर्न. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य रोह्याचं आहे. बाकी सगळं त्यानंतर.

2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस आणि त्यापुढच्यांना एबीएस बंधनकारक आहे. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की समोरचाही थोडा लागतो. एबीएस म्हणजे घाबरून समोरचा ब्रेक पूर्ण दाबला तरी चाक जाम होत नाही, हँडल हातात राहतं. अंधारात जनावर आडवं आलं की माणूस विचार करून ब्रेक मारत नाही, मूठ आपोआप आवळली जाते. मागच्या जानेवारीत मुकुटबनच्या बाजूला माझ्यासमोर डुकरांचा कळप आला. रस्त्यावर वाळू होती. गाडी सरळ उभी राहिली. आधीच्या ड्रमच्या गाडीवर तसंच झालं होतं तेव्हा खांद्याचं हाड मोडलं होतं.

युनिकॉर्न 162.7 सीसी आहे, टाकी 13 लिटर, खालचा गाळा (जमिनीपासूनची मोकळी जागा) 187 मिलिमीटर. शाइन 125 चा 162. गावरस्त्यावरच्या मोरीवर तो फरक कळतो. ॲव्हरेज कमी पडेल हे खरं. महिन्याला 1750 किलोमीटर धरा. 65 चं ॲव्हरेज असेल तर 27 लिटर लागतात, 50 चं असेल तर 35. म्हणजे आठ लिटर, साधारण साडेआठशे रुपये महिना जास्त. माझ्या मते ते द्यावेत. पण बजेट बसत नसेल तर शाइन डिस्कची घ्या, ड्रमची घेऊ नका.

अंगणवाडीची ताई (समुद्रपूर)

सगळे चालवणाऱ्याचं बोलत आहेत. मागं कोण बसणार आहे दादा? आई असतील, तर त्या साडीत, एका बाजूला पाय करून बसणार. दोन तुकड्यांच्या उंच सीटवर तसं बसता येत नाही, धरायला काही नसतं, आणि खड्डा आला की माणूस पुढं घसरतो. माझ्या सासूबाई अशाच पडल्या. तुमच्या यादीतल्या रेडरची सीट पाहताना हे पाहा. लांब सपाट सीट, साडी गार्ड आणि पाय ठेवायला रुंद पायदान, एवढं पाहूनच पैसे द्या. आईला शोरूममध्ये सोबत न्या, गाडीवर बसवून बघा. सेल्समन घाई करेल, करू द्या.

डोंगरवाट (चिखलदरा)

एक्सपल्स मी स्वतः चालवतो, म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. पांदणीत तिच्यासारखी गाडी नाही. 21 इंचांचं समोरचं चाक, खाली 220 मिलिमीटर जागा, चिखल भरत नाही. पण सीट 825 मिलिमीटर उंच आहे. दुधाची कॅन लावून, मागे आईला बसवून पाय जमिनीला टेकवून बघा. तुमच्या कामाची नाही. मनातली गाडी आहे तर मनात राहू द्या, पुढेमागे तिसरी म्हणून घ्या.

काळीभुई (झरी-जामणी)

सीएनजीची ती फ्रीडम 125 कोणी पाहिली का? दोन किलो सीएनजी, दोन लिटर पेट्रोल. रोजचे सत्तर किलोमीटर असणाऱ्याला हिशेबात बसेल असं वाटते.

चारपदरी (वणी)

रोजच्या वाटेवर सीएनजीचा पंप असेल तरच. पंपासाठी वाट वाकडी करावी लागली आणि वर रांगेत उभं राहावं लागलं तर वाचलेला पैसा तिथंच जातो. शिवाय तीही सीट 825 चीच आहे.

पांदणीकाठचा (ता. राळेगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण हिशेबीभाऊंच्या शेवटच्या प्रश्नानं अडकलो होतो.

गाडी बाबांच्या नावावर आहे. मी शोरूममध्ये भाव काढला, गावातल्या माणसाशी बोललो, इथं धागा टाकला, आणि बाबांना विचारलंच नव्हतं. काल रात्री जेवताना विचारलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुले कामाले जाताना जिवाची भीती वाटते तं गाडी बदल. मायासाठी ठेवू नको. पाय हायेत मले." आईनं तेव्हा सांगितलं की फवारणीच्या दिवसांत पंप पाठीवर घेऊन बाबा दोन किलोमीटर गेले आणि रात्री गुडघ्याला तेल लावून बसले. मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा हिंगणघाटला होतो, त्यांच्याच गाडीवर.

आता ठरवलं ते सांगतो. स्प्लेंडर विकत नाही. हिशेबीभाऊंनी सांगितलं ते सगळं करतो. विमा मार्चपर्यंत आहे, पीयूसी संपलेली आहे ती उद्याच काढतो, एचएसआरपीची नोंदणी आज केली. 2027 ची तारीख आरसीवर पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली.

आईला घेऊन हिंगणघाटला गेलो आणि शाइन, युनिकॉर्न दोन्ही चालवून पाहिल्या. आई युनिकॉर्नच्या सीटवर नीट बसली, पायदान मात्र तिला उंच वाटलं. साडी गार्डच्या खाली जास्तीची पट्टी लावून देतो म्हणाले. हायवेवर दोन किलोमीटर नेली, बाजूनं कंटेनर गेला तरी गाडी जागची हलली नाही. तीच घ्यायचं ठरवलं. पण आज नाही. हातातल्या 50 हजारांवर घेतली तर कर्ज 90 हजारांच्या आसपास जाते. तूर फेब्रुवारीत येईल, ती विकून कर्ज 40 च्या आत आणतो. तोपर्यंत साडेनऊला सुटणाऱ्या दिवशी हिंगणघाटलाच मामांकडे मुक्काम करायचा असं घरी कबूल केलं आहे. बाकी दिवशी सोबतच्या एकाच्या गाडीवर जाईन, म्हणजे स्प्लेंडर बाबांकडे राहील.

मेस्तरी, तुम्ही सांगितलं तसं हँडल फिरवून पाहिलं. बरोब्बर मधात खटका लागते. रविवारी गाडी घेऊन पांढरकवड्याला येऊ का? किती वाजता?

पान्यावाला मेस्तरी (पांढरकवडा)

दहाच्या आत ये, मंग गर्दी होते. टाकीत पेट्रोल कमी ठेवून आण, गंज पाहून टाकी धुऊन घेऊ. चाळीस-पन्नासच्या वर पळवू नको येताना. अन् बाबांले सोबत आण. मागचा शॉकअप किती कडक ठेवाचा ते ज्याले चालवाची हाय त्यालेच इचारतो मी.