स्वमग्नता, डिस्लेक्सिया किंवा एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्यांना प्रॅक्टिकलला जादा वेळ देऊन काय साधतं?

निळा लिटमस:
२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही आहेत. (एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवण्याच्या अडचणीचं, नाव यादीत नाही, तो वेगळा घोळ.) लेखी परीक्षेला तासामागे २० मिनिटं जादा, हे ठीक. प्रयोगशाळेत मात्र वेळ नको, मांडणी बदला. टायट्रेशनमध्ये (एक द्रावण थेंबथेंब सोडून दुसऱ्याची तीव्रता काढताना) हात चुकत नाही, ब्युरेटवर (द्रावण सोडायच्या आकडे कोरलेल्या नळीवर) १२.४ दिसतं आणि वहीत १४.२ उतरतं. म्हणून रकाने आधीच आखायचे, आकडा पुटपुटत लिहायचा, आणि ब्युरेट पुन्हा भरण्याआधी लिहिलेला आकडा ब्युरेटशी ताडायचा.

खडूस परीक्षक:
वेळेबद्दल सहमत. पण मांडणी कुठवर बदलणार? थायोसल्फेटात आम्ल ओतलं की घड्याळ सुरू. गंधकाने द्रावण गढुळलं, बीकरखालच्या कागदावरची फुली दिसेनाशी झाली, संपलं. अभिक्रिया कुणासाठी थांबत नाही. उद्या कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) सवलत कोण देणार?

निळा लिटमस:
उदाहरण तुमच्यावरच उलटलं! घड्याळ ओतल्यावर सुरू होतं ना? मग सगळ्या तीव्रतांची द्रावणं आधीच मोजून, बीकरवर आकडे चिकटवून ठेवा. मधे लक्षात ठेवायला काही उरतच नाही. आणि क्यूसीत तर स्मरणशक्तीवर कुणीच विसंबत नाही. एसओपी (कामाच्या पायऱ्यांचा लेखी कागद) समोर, तराजूला प्रिंटर, खाडाखोडीला एक रेघ, सही, तारीख.

टिपबॉक्स:
९६ विहिरींच्या (द्रावण टाकायच्या छोट्या खळग्यांच्या, ८ × १२) प्लेटचं कुणी बोललंच नाही. रंगहीन द्रावण, क्षणभर लक्ष उडालं की कुठवर आलो ते कळत नाही. टिपांचा (पिपेटला, म्हणजे द्रव मोजून टाकायच्या साधनाला, लावायच्या सुट्या टोकांचा) डबाही ८ × १२चाच असतो. ए-१ (पहिल्या ओळीतल्या पहिल्या) विहिरीला ए-१चीच टिप उचलायची. डब्यातली रिकामी जागा हिशेब ठेवते.

खडूस परीक्षक:
दर विहिरीला टिप बदलत असाल तरच. एकच मास्टरमिक्स (आधीच एकत्र केलेलं मिश्रण) सगळीकडे टाकताना टिप कोण बदलतं?

टिपबॉक्स:
मान्य. तिथे आठ तोंडांचं मल्टिचॅनल पिपेट घ्या: ९६ वेळांऐवजी १२ वेळा. झालेल्या रकान्यांवर झाकण सरकवत न्यायचं.

खडूस परीक्षक:
बरं, ही युक्ती सगळ्यांनाच शिकवावी, त्याला अपंगत्वाचा दाखला कशाला हवा? पण कुणाला प्रयोगशाळेतला आवाज सहन होत नाही म्हणून कानात बोळे घालायला माझा विरोध राहील. सेंट्रीफ्यूजमध्ये (नळ्या वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) नळ्यांचा तोल चुकला तर पहिली सूचना खडखडाटच देतो.

निळा लिटमस:
बोळे नकोतच. फ्यूम हूडपासून (घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटापासून) लांबचं टेबल द्या. पंख्याची घरघर तिथूनच येते.