नव्या औषधांच्या चाचण्या सातपुड्यात न्यायच्या की नाही?

रानवाट:
चाचण्या होतात पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत, आणि तीच औषधं पुढे नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यातही दिली जातात. तिथला माणूस चाचणीत का नसतो? 'वगळण्याचे निकष' वाचा. हिमोग्लोबिन १० च्या खाली नको, वजन कमी नको, ठरल्या तारखेला येऊ न शकणारा नको.

मधुमेहाचंच घ्या. निवडीची चाळणी एचबीए१सीची, म्हणजे लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या रक्ततपासणीची. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, आदिवासी भागांत बऱ्याच आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णात १०-२० दिवसांतच फुटते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटाच कमी येतो आणि खरा मधुमेही 'अपात्र' म्हणून घरी जातो. तिथे फ्रुक्टोसामिन, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेल्या साखरेची तपासणी, लावा. आणि आदिवासी जिल्ह्यांत केंद्रं सक्तीची करा.

पडताळणी:
सक्तीला माझा विरोध. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत एका प्रकल्पात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस दिली गेली, त्यात बऱ्याच मुली आदिवासी. खम्मममध्ये कित्येक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही. काही मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही, पण संमती आणि दुष्परिणामांवरची देखरेख, दोन्हींवर संसदीय समितीनं २०१३ मध्ये ताशेरे ओढले. गंभीर घटना २४ तासांत कळवायची असते. पाड्यावर फोनला रेंज नाही, अतिदक्षता विभाग घाट उतरून तीन तासांवर, तिथे कळवणार कोण आणि वाचवणार कोण?

शिवाय कुपोषणात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घसरलं की फ्रुक्टोसामिनही खालीच येतं. त्यापेक्षा उपाशीपोटी आणि ग्लुकोज पाजून २ तासांनी साखर मोजा.

रानवाट:
फ्रुक्टोसामिनचं मान्य. पण खम्मममध्ये बिघडलं ते संमती घेण्यात, आणि ते दुरुस्त करता येतं. संमतीचा कागद पावरी या तिथल्या बोलीत मोठ्यानं वाचा. मग उलट विचारा: "गोळी डमी असू शकते का? मध्येच सोडलं तर दवाखान्यातले उपचार बंद होतात का?" उत्तर चुकलं तर पुन्हा समजवा, अंगठा दुसऱ्या दिवशी घ्या. नुसती मान हलली म्हणजे संमती नव्हे. साक्षीदार चाचणीच्या चमूबाहेरचाच हवा. बुडालेली मजुरी आणि जीपभाडं त्याच दिवशी रोख द्या. 'येत नाहीत' ही तक्रार बरीचशी तिथेच मिटते.

सेंट्रिफ्यूज:
नमुन्यांचं कुणी बोलत नाही. खडबडीत रस्त्यानं रक्ताची नळी तशीच नेली तर पेशी फुटतात, पोटॅशियम वाढलेलं दिसतं आणि धडधाकट माणसाच्या नावावर दुष्परिणाम चढतो. नळी ३० मिनिटं उभी ठेवा, रक्त गोठलं की जागेवरच सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवा, २ तासांच्या आत सीरम, म्हणजे वरचा पेशीविरहित द्रव, वेगळं करा. साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी, तिच्यातल्या फ्लोराइडमुळे साखर टिकते. म्हणजे उपकेंद्रात वीज हवी आणि शिकलेला हात हवा. तेवढी तयारी असेल तर मी रानवाट यांच्या बाजूनं.

पडताळणी:
तयारी झाली तरी फक्त तिसऱ्या टप्प्यापुरतं, म्हणजे आधीच्या टप्प्यांत तपासलेलं औषध बऱ्याच रुग्णांवर अजमावण्यापुरतं मान्य. माणसाला पहिल्यांदाच दिलं जाणारं औषध तिथे नकोच. आणि २०१९ च्या औषधचाचणी नियमांप्रमाणे चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान ७ जण, निम्मे संस्थेबाहेरचे, एक सामान्य व्यक्ती असावी लागते. ती व्यक्ती रुग्णालयाशेजारच्या सोसायटीतली असून भागणार नाही. चाचणी धडगावची, तर ती धडगावचीच हवी. चाचणीनंतर औषध कुणाला, किती दिवस फुकट मिळणार, हे तिच्यासमोर आधी लिहून द्या, मग केंद्र उघडा.