सापाच्या पिल्लाला दूध तर अजिबात नको!
ताई, भाच्याने आणलेलं कॉर्न स्नेकचं (घरी पाळतात त्या बिनविषारी अमेरिकन सापाचं) पिल्लू अंड्यातून आल्यापासून काही खात नाही म्हणून इतक्यात घाबरू नका. ड्रॉपरने दूध पाजायचा सल्ला इथे कुणी दिलाय, तो मात्र विसराच. साप दूध पचवत नाही, नागपंचमी असो वा नसो. पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, त्यावर पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दहा दिवस, आरामात निघतात. मग गोठवलेलं, कोमट केलेलं उंदराचं नवजात पिल्लू द्या. खाल्ल्यावर ४८ तास हात लावू नका, ओकून टाकेल. डबा छोटा, लपायला जागा. ठाण्याच्या उकाड्यात हीट मॅट (डब्याखाली ठेवायची ऊब देणारी चटई) लागेलच असं नाही, पण एसीच्या खोलीत ठेवू नका. आणि ते दुकानातलंच आहे ना? येऊरच्या जंगलाकडचं दिवडाचं (आपल्याकडच्या पाणसापाचं) पिल्लू असेल तर पाळणं बेकायदा, वनविभागाला १९२६ वर कळवा.