सारा बर्नहार्टवर वीस मिनिटांचं एकपात्री करायचंय, शवपेटी दाखवू की नको?

मलप्रभाकाठची
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका हौशी ग्रुपमध्ये मी काम करतो (होय, मुलगीच आहे, आमच्याकडं बायका पण करतो-जातोच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी गोंधळू नका). दिवाळीनंतर एकपात्री स्पर्धा आहे, वीस मिनिटं, आणि मी सारा बर्नहार्ट करायचं ठरवलंय, ती फ्रेंच नटी. पण वाचायला बसलं की जो तो तेच सांगूलाय, शवपेटीत झोपायची, चित्ता पाळलेला, बलूनमध्ये बसून पॅरिसवर उडाली, पाय कापला तरी नाटकं केली. आमचे डायरेक्टर दादा म्हणतात पडदा उघडला की तू पेटीतून उठायचं, एंट्रीलाच टाळी. मला ते कसंतरीच वाटूलंय पण दुसरं काय घ्यायचं ते बी सुचंना झालंय. खरं किती आणि खोटं किती? आणि ती सिनेमात पण होती म्हणे, ते कसं काय, तेव्हा तर मुके सिनेमे. ड्रेपरीला दीड हजाराच्या वर पैसे नाहीत हे आधीच सांगतो.

विंगेतला म्हातारा, शहापूर
पहिलं म्हणजे बर्नहार्ट नव्हे बाळ, बर्नार. परीक्षकांत कोण फ्रेंच शिकलेला निघाला तर तिथंच मार्क जायचे.

पेटी खरी. त्यात डोळे मिटून, हात जुळवून पडलेला तिचा फोटोच आहे की. आता फोटोग्राफरला बोलावून पेटीत झोपणारी बाई झोपेसाठी झोपते होय? हे तुझ्या डायरेक्टरला विचार. बलून पण खरा, १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनातला. पण हे सगळं म्हणजे गावात रिक्षावर भोंगा लावून फिरवतात तसली जाहिरात आहे, नाटक त्याच्या मागं आहे.

माझं ऐकशील तर तू तिच्यातली कंपनी-मालकीण दाखव. जन्म १८४४. १८६२ ला कॉमेदी फ्रान्सेजमध्ये लागली, म्हणजे सरकारी मानाची कंपनी, एकदा पाय रोवला की जन्माची भाकरी. तिथं फ्रेंच नाटककार मोलिएरच्या जयंतीला हिच्या धाकट्या बहिणीचा पाय एका बड्या नटीच्या झग्यावर पडला, त्या बाईनं पोरीला ढकललं, आणि सारानं सगळ्यांदेखत बाईच्या कानाखाली वाजवली. माफी माग म्हणाले, मागितली नाही, गेली नोकरी. मग ओदेऑन थिएटरात नाव काढलं, १८७० ला जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा त्याच थिएटरचा दवाखाना करून जखमींची सेवा केली. १८७२ ला जुन्या कंपनीनं मानानं परत बोलावलं, आणि १८८० ला हिनं पुन्हा लाथ मारली! कोर्टानं लाख फ्रँक भरायला लावले. बाई स्वतःची मंडळी घेऊन बोटीनं अमेरिकेला.

आता गंमत ऐक. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ चे, ही १८४४ ची. अण्णासाहेबांनी पुण्यात शाकुंतल लावलं ३१ ऑक्टोबर १८८० ला, आणि न्यूयॉर्कात हिचा पहिला प्रयोग ८ नोव्हेंबर १८८० ला. आठ दिवसांचा फरक. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, पण दोघांच्या डोक्याला घोर एकच असणार, मंडळी पोसायची कशी. तिकडं ५० च्या वर शहरांत फ्रेंचमध्येच नाटकं केली तिनं, लोक भाषांतराची पुस्तिका हातात धरून बघायचे. धारवाड-हुबळीकडच्या कन्नड घरांतली म्हातारी माणसं मराठी नाट्यपदं गुणगुणायची ती मी कानानं ऐकलीत, त्यामुळं मला यात काय नवल वाटत नाही.

निपाणीचा रीळवाला
काकांनी सिनेमा सोडून दिला म्हणून मी घुसतो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिचा हॅम्लेटच्या तलवारबाजीचा सीन दाखवलेला, दोनेक मिनिटांचा, यूट्यूबवर बघायला मिळतो. हॅम्लेट म्हणजे पुरुषाचं काम, ते ही करतेय, आणि आपल्याकडं त्यानंतर १३ वर्षांनी फाळक्यांच्या हरिश्चंद्रात तारामती कोण तर साळुंके नावाचे गडी! बाईला बाईचं काम मिळायची मारामार होती तेव्हा ही बाई पुरुषाची कामं करूलाली. १९०० मध्येच लेग्लाँ नावाच्या नाटकात नेपोलियनचा विशीतला पोरगा झालेली, स्वतः ५५ वर्षांची आणि नात असलेली. बालगंधर्वांच्या उलटा मामला.

मग १९१२ चा राणी एलिझाबेथचा सिनेमा. खरं सांगू का, बोअर आहे. कॅमेरा एका जागी ठोकलेला, हातवारे सगळे मागच्या रांगेतल्या माणसाला दिसावेत असले, मरताना उशांच्या ढिगावर धाडकन् पडते, आणि शेवटाला चक्क प्रेक्षकांना वाकून नमस्कार करते, नाटक संपल्यासारखा 😄 आणि जिच्या आवाजाला लोक सोनेरी आवाज म्हणायचे तिचा सिनेमा मुका, म्हणजे भीमसेनांचा फोटो बघून गाणं ऐकल्यासारखं. पण हाच सिनेमा अॅडॉल्फ झुकोर नावाच्या सिनेमावाल्यानं अमेरिकेत दाखवला, पैसा केला, आणि त्याच धंद्यातून पुढं पॅरामाउंट ही सिनेमा कंपनी उभी राहिली.

जत्रेतला सीनवाला
पेटी नको ताई. तंबू घ्या. १९०६ ला अमेरिकेत थिएटरवाल्यांची एक सिंडिकेट होती, सगळी मोठी थिएटरं त्यांच्या मुठीत, ही त्यांच्याकडं गेली नाही म्हणून दारं बंद. हिनं काय केलं, टेक्सासात सर्कशीसारखा तंबू ठोकला आणि त्यात प्रयोग लावले, हजारो माणूस. आमच्या गावात लक्ष्मीच्या जत्रेला कनात मारून नाटक लावतात ते बघितलं नसंल असा एक परीक्षक बेळगावात मिळणार नाही. कनात मी देतो, भाडं नको, फक्त धुऊन द्या.

मलप्रभाकाठची
बापरे, एवढं कोण सांगंल वाटलं नव्हतं. कानाखालीचा सीन तर घेतोच. सीनवाले दादा, कनात पक्की समजतो हं. पण पायाचं काय करू? दादा म्हणतात लाकडी पाय बांधून लंगडायचं.

विंगेतला म्हातारा, शहापूर
अजिबात नको. लाकडी पायावर ती लंगडलीच नाही. ब्राझीलमधल्या रिओत १९०५ ला तोस्का नाटकाच्या शेवटच्या उडीत गुडघा दुखावला, तो दहा वर्षं ओढला आणि १९१५ च्या फेब्रुवारीत बोर्दोला पाय मांडीतून काढला, सत्तर वर्षांची होती. लाकडी पाय तिनं झिडकारला. दोन माणसं उचलतील अशी खुर्ची करून घेतली, पालखीच म्हण, आणि त्यात बसून आघाडीवरच्या सैनिकांसमोर कामं केली. तेव्हा तू खुर्चीत बस. शेवटची दहा मिनिटं कमरेखाली हलायचंच नाही, सगळं खांदे, मान आणि आवाजावर. जमलं तर परीक्षक विसरणार नाहीत, नाही जमलं तर मला शिव्या दे. आवाजासाठी तिचं फेद्र नाटकाचं जुनं रेकॉर्डिंग ऐक, खरखर फार आहे आणि आज कानाला ते रडगाणं वाटतं, नक्कल करू नको, फक्त श्वास कुठं सोडते ते बघ.

निपाणीचा रीळवाला
शेवट पाहिजे तर हा घे. मार्च १९२३, सिनेमाचं शूटिंग तिच्या घरातच चाललेलं कारण तिला उठून जायची ताकद नव्हती, आणि त्यातच गेली, २६ तारखेला. आणखी एक, तिच्या नावाचं थिएटर होतं पॅरिसमध्ये, जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर ते नाव काढून टाकलं कारण ती ज्यू घरातली. आता परत लावलंय. पाटी बदलणं म्हणजे काय ते बेळगाववाल्यांना मी सांगायची गरज नाही.

मलप्रभाकाठची
ते पाटीचं घालत नाही, स्पर्धेतनं बाहेर काढतील 😅 खुर्ची आजीची आहे, शिसवी, वजन ऐंशी किलो तरी असंल. उचलायला दोन पोरं लागतात, आणि एकपात्रीत दोन पोरं चालतात काय? नियमात कुणी बघितलंय का?

जत्रेतला सीनवाला
बोलायची नाहीत तर चालतात. गेल्या साली एकानं बैल आणलेला.