इटलीची महिला गोल्फर: लेकीच्या तोंडी परीक्षेसाठी कोण निवडावी?

मोंझाची_माई:
नमस्कार मंडळी. आम्ही मिलानजवळ मोंझात राहतो. लेक तेरा वर्षांची, इथल्या ‘तेर्त्सा मेदिआ’त, म्हणजे आपली आठवी. जूनमध्ये तोंडी परीक्षा असते, तिथे एक विषय घेऊन परीक्षकांपुढे बोलायचं. वर्गातल्या निम्म्या मुलींनी टेनिसची पाओलिनी धरली आहे. आमच्या बाईसाहेब दर शनिवारी ‘काम्पो प्रातिका’वर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, दोन बकेट बॉल मारतात, त्यामुळे त्यांना गोल्फरच हवी, तीही इटालियन आणि तीही बाई. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नवऱ्याने मोलिनारी सुचवला, तर तो पुरुष निघाला. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

येरवड्याचा_बंकर:
माई, डोळे झाकून सिल्विया कावालेरी. तुमच्याच मिलानची, जन्म १९७२. १९९७ साली तिने अमेरिकेची हौशी महिला स्पर्धा, म्हणजे यू.एस. विमेन्स अमॅच्युअर, जिंकली. तोवर एकाही इटालियन बाईला ती जमली नव्हती. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रे बर्न क्लबवर अंतिम सामना झाला, रॉबिन बर्कविरुद्ध, आणि निकाल लागला ‘५ आणि ४’. लेकीने हा आकडा नक्की सांगावा, कारण परीक्षक हमखास अडकतील. मॅचप्लेमध्ये एकूण फटके मोजत नाहीत. जो तो होल कमी फटक्यांत पुरा करील, होल त्याचा. खेळायला चारच होल उरले आणि तुम्ही पाचने पुढे असलात, की समोरच्याला गाठणं अशक्य. तिथेच टोप्या काढून हस्तांदोलन, उरलेलं मैदान तसंच.

पुढे ती व्यावसायिक झाली, आणि अमेरिकेच्या टूरवरचं, म्हणजे एलपीजीए या व्यावसायिक बायकांच्या स्पर्धामालिकेतलं, पहिलं विजेतेपद मिळालं एप्रिल २००७ मध्ये. मधे दहा वर्षं गेली! ठिकाण मेक्सिकोतलं मोरेलिया. तिथलीच लोरेना ओचोआ त्याच आठवड्यात जगात एक नंबर झालेली, घरचं मैदान, आदल्या वर्षी हीच स्पर्धा जिंकलेली. अख्खा गाव तिला बघायला लोटला आणि करंडक नेला चौतिशीतल्या कावालेरीने. एलपीजीए जिंकणारी ती पहिली इटालियन.

फिनिक्सवासी:
जिजूंचा नेम एका अक्षराने चुकला. मोलिनारी नव्हे, मोलिनारो. जूलिया मोलिनारो, जन्म इटलीत, लहानपण केनियात, कॉलेज आमच्या इथलं अ‍ॅरिझोना स्टेट. पुढे एलपीजीएवर खेळली, रिओ आणि टोकियो दोन्ही ऑलिंपिक केली. परदेशात वाढणाऱ्या मुलीला ही जवळची वाटेल.

तळ्यात_मळ्यात:
दियाना लूना पण बघा. २००९ मध्ये आयर्लंडची ओपन जिंकली आणि त्याच वर्षी सोलहाइम कपात गेली. युरोप विरुद्ध अमेरिका, बायकांचा रायडर कप म्हणा ना. त्या संघात खेळलेली ती पहिली इटालियन.

सदू_मास्तर:
सगळ्यांनी जिंकणाऱ्या सांगितल्या, मी न जिंकलेली सांगतो. जूलिया सेर्गास, त्रिएस्तेची, जन्म १९७९. एलपीजीएवर पंधराएक वर्षं काढली, विजेतेपद एकही नाही. याला अपयश म्हणणाऱ्याने टूरचा हिशेब समजून घ्यावा. स्पर्धा गुरुवारी सुरू. शुक्रवारी संध्याकाळी कट लागतो, साधारण निम्म्या घरी. कट हुकला की बक्षिसाची रक्कम सहसा शून्य. विमान, हॉटेल आणि कॅडीचा, म्हणजे बॅग वाहणाऱ्याचा, पगार मात्र खिशातून. तिच्या काळी वर्षाअखेरी कमाईच्या यादीत खाली घसरलात तर कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, जायचं आणि पुन्हा क्वालिफाइंग स्कूलला, म्हणजे पात्रता स्पर्धेला, उभं राहावं लागायचं. या रहाटगाडग्यात इतकी वर्षं टिकणं गंमत नाही.

आणि तिला फळ मिळालंच. २०१३ मध्ये कोलोरॅडोत सोलहाइम कप खेळली. युरोप १८-१० ने जिंकला, अमेरिकेच्या भूमीवर पहिल्यांदाच. २०१६ ला रिओ. बायकांचं गोल्फ ऑलिंपिकमध्ये ११६ वर्षांनी परतलं होतं, आणि इटलीच्या दोन्ही खेळाडूंचं नाव जूलिया, एक सेर्गास आणि एक मोलिनारो. त्याच मैदानावर आपली अदिती अशोकही होती, अठरा वर्षांची.

येरवड्याचा_बंकर:
मास्तर, मान्य. पण परीक्षेत दहा मिनिटं असतात. ‘टिकून राहिली’ हे किती वेळ सांगणार? मोरेलियाची गोष्ट दोन मिनिटांत रंगते.

सदू_मास्तर:
तुमची कावालेरी तरी दहा वर्षं दुसरं काय करत होती?

येरवड्याचा_बंकर:
😀 हा पॉइंट तुमचा. एक होल पुढे.

मोंझाची_माई:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः मास्तरांचे. मला हा कट माहीतच नव्हता. म्हणजे शुक्रवारी कळतं की आठवडा फुकट गेला? आणि आम्ही इथे तेसेराची वार्षिक फी भरताना कुरकुरतो. (तेसेरा म्हणजे इथल्या गोल्फ महासंघाचं कार्ड. त्याशिवाय हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, मिळत नाही.)

लेकीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. तिने कावालेरीच घेतलीय, पण सुरुवात मोरेलियापासून करणार आणि मग मागे जाऊन विचारणार की मधली दहा वर्षं कशी गेली असतील. तिथे मास्तरांचा कट येईल.

फिनिक्सवासी, ‘जिजू’ वाचून नवरा खूश. काल रात्री जेवताना लेकीने त्याला ‘५ आणि ४’ समजावलं, पावाच्या काड्या मांडून. अठरा मांडल्या, त्यातल्या सहा त्याने बोलता बोलता खाल्ल्या. हिशेब लागला नाही.