टार्डिग्रेड पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक: सहा हजारांच्या आत कोणता घ्यावा?

विज्ञानताई (सावंतवाडी)
मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांना त्यांच्याच आवारातील भिंतीवरच्या शेवाळात टार्डिग्रेडचा, म्हणजे जलअस्वलाचा, एक वेगळा वाण सापडला. जंतुनाशक अतिनील दिव्याखालीही तो तग धरतो, असे त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. हे नववीच्या वर्गात सांगितल्यापासून मुलांनी एकच धोशा लावला आहे की आपल्या शाळेच्या गडग्यावरही शेवाळ आहे, तर आपणही शोधू. शाळेतील जुन्या सूक्ष्मदर्शकाचा आरसा फुटलेला आहे. पालकांनी जमवून दिलेले सहा हजार रुपये हातात आहेत आणि त्याहून एक रुपयाही जास्त नाही. वर्गात चाळीसच्या आसपास मुले असतात. कोणता सूक्ष्मदर्शक घ्यावा?

अंबाळा_पारखी
ताई, माझे ऐकाल तर दोन नेत्रभिंगांचा संयुक्त सूक्ष्मदर्शकच घ्या. मी मुलीसाठी अंबाल्याहून मागवला, साडेतेरा हजारांना पडला, पण शंभर पटीचे तेलातले वस्तुभिंग असल्यामुळे जीवाणूसुद्धा दिसतात. एकदाच पैसे घालावेत आणि वस्तू आयुष्यभर वापरावी, असे माझे मत आहे. आणखी थोडे पैसे पालकांकडून सहज उभे राहतील.

निवृत्त_प्रयोगशाळा (पुणे)
वरील सल्ला जीवाणूंसाठी योग्य असेल, पण प्रश्न टार्डिग्रेडचा आहे. हा प्राणी साधारणपणे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतो. त्याला शोधायला वीस ते चाळीस पट वर्धन पुरते, आणि नखे व तोंड नीट पाहायचे असेल तर शंभर ते चारशे पट लागते. तेलातल्या भिंगाचा येथे काही उपयोग नाही. आम्ही महाविद्यालयात आधी स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवून जीव हेरत असू आणि मग ड्रॉपरने उचलून काचपट्टीवर घेत असू. जास्त वर्धनाने थेट शोधायला बसल्यास दृष्टिक्षेत्र इतके लहान होते की समोरून हत्ती गेला तरी कळणार नाही.

माझ्याकडे एका नेत्रभिंगाचा जुना सूक्ष्मदर्शक पडून आहे, भिंगे स्वच्छ आहेत. कोणाला हवा असल्यास तीन हजारांना देईन, मात्र पुण्यातून स्वतः घेऊन जावा लागेल.

कागदी_भिंग
सहा हजार कशाला? स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश यांच्या गटाने २०१४ मध्ये घडी घालून तयार होणाऱ्या कागदी सूक्ष्मदर्शकाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. तो फोल्डस्कोप. त्यातील साहित्याचा खर्च एका डॉलरहून कमी येतो, असे त्यात दाखवले होते. सध्याच्या संचात सुमारे १४० पट वर्धन मिळते आणि तो भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याला जोडता येतो. आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही तो शाळा-महाविद्यालयांपर्यंत नेण्याचा कार्यक्रम राबवला आहे. मी माझ्या फोल्डस्कोपखाली डासाची अळी, परागकण, मिठाचे स्फटिक, सगळे पाहिले आहे.

अंबाळा_पारखी
कागदाच्या खेळण्यात आणि खऱ्या उपकरणात फरक असतो, एवढेच नम्रपणे सांगतो.

पैसे_बुडाले
मी कोणाला काय घ्यावे ते सांगणार नाही, काय घेऊ नये ते सांगतो. संगणकाला तारेने जोडायचे ते डिजिटल सूक्ष्मदर्शक अजिबात घेऊ नका. खोक्यावर १६०० पट असे ठळक छापलेले होते. प्रत्यक्षात चित्र नुसते ताणून मोठे केलेले, स्टँड लटपटणारा, आणि टेबलावर कोणी हात ठेवला तरी पडद्यावर भूकंप. विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला. आजतागायत मी तो फक्त पायातला काटा काढण्यासाठी वापरला आहे.

निवृत्त_प्रयोगशाळा (पुणे)
पैसे_बुडाले यांच्याशी पूर्ण सहमत. त्या उपकरणांचे खरे वर्धन वीस ते पन्नास पटींच्या घरात असते.

जनुकवेडा
सूक्ष्मदर्शकाबद्दल मला फारसे सांगता येणार नाही, परंतु मुलांना हेही सांगा की टार्डिग्रेडच्या जनुकांपैकी सुमारे एक षष्ठांश जनुके जीवाणू, वनस्पती यांच्याकडून आलेली आहेत. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने २०१५ मध्ये हे दाखवून दिले.

अनुक्रमणी
कृपया हे वर्गात सांगू नका. त्या दाव्यानंतर अवघ्या काही दिवसांत एडिनबरा विद्यापीठातील गटाने त्याच प्रजातीचा स्वतःचा जनुकीय आराखडा मांडला, आणि ती बहुतेक ‘परकी’ जनुके नमुन्यात मिसळलेल्या जीवाणूंची होती, असे दाखवले. त्यांचा निबंध २०१६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. दोन विद्यापीठांनी एकच प्राणी तपासला आणि उत्तरे इतकी वेगळी आली, याचे कारण नमुन्याची स्वच्छता. माझ्या मते नववीच्या मुलांना यातला वादच आधी शिकवावा.

जनुकवेडा
तरीही परकी जनुके अजिबात नाहीत असे नाही. २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी हेनान प्रांतातील शेवाळात सापडलेल्या नव्या प्रजातीत जीवाणूंकडून आलेले एक जनुक दाखवले आहे. त्यापासून बीटालेन ही रंगद्रव्ये तयार होतात आणि किरणोत्सारापासून बचावाला मदत होते.

अनुक्रमणी
एक जनुक आणि एक षष्ठांश जनुके यांत जो फरक आहे तोच मी सांगत आहे.

मालवणचा_पाऊस
हे सर्व पुणे-मुंबईचे लोक आपल्याला सल्ला देतात, ताई, पण आपल्या हवेचा विचार कोणी केला नाही. कोकणात दोन पावसाळे काढले की भिंगावर बुरशीची जाळी चढते. माझ्या दुर्बिणीचे तेच झाले आणि दुरुस्तीचा खर्च नव्या दुर्बिणीइतका सांगितला. काहीही घ्या, पण झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की गरम करून वाळवा. खोक्यासोबत येणाऱ्या फोममध्ये वर्षभर ठेवू नका, त्यातच दमट राहते.

विज्ञानताई (सावंतवाडी)
सर्वांचे आभार. साडेतेरा हजारांचा विषय येथेच थांबवू या. पुण्याला येणे जमणार नाही. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शेवाळातून हे जीव बाहेर कसे काढायचे? आणि बंगळूरच्या संशोधकांना अतिनील दिव्याखाली त्या जीवांतून बाहेर पडताना दिसला तो निळा प्रकाश मुलांना दाखवता येईल का?

निवृत्त_प्रयोगशाळा (पुणे)
पाण्यातले बुळबुळीत शेवाळ नको, गडग्यावर किंवा कौलांवर उशीसारखे दाट वाढते ते मॉस घ्या. वाळलेले असले तरी चालते, कारण सुकल्यावर हे जीव पाय आत ओढून अंग आक्रसून घेतात आणि पाणी मिळाले की पुन्हा हालचाल करू लागतात. जपानच्या ध्रुवीय संशोधन संस्थेने १९८३ मध्ये अंटार्क्टिकातून आणून गोठवून ठेवलेल्या शेवाळातील टार्डिग्रेड तीस वर्षांनंतर जिवंत झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध केले आहे. मॉस उलटे करून पावसाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. सकाळी ते बशीत पिळा, गाळ खाली बसू द्या आणि काळ्या कागदावर बशी ठेवून बाजूने उजेड टाका. सूत्रकृमी आणि रोटिफर हे दुसरे सूक्ष्म जीव आधी दिसतील. आठ आखूड पायांनी सावकाश चालणारा दिसेपर्यंत बशा बदलत राहा.

अनुक्रमणी
निळ्या प्रकाशाबद्दल: तो प्रयोग वर्गात करू नये. जंतुनाशक अतिनील दिवा डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतो. बंगळूरच्या वाणात असे द्रव्य आहे की ते अतिनील किरण शोषून घेते आणि त्यांची ऊर्जा निरुपद्रवी निळ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. प्रत्येक टार्डिग्रेडमध्ये ते नसते. त्याच मात्रेत हिप्सिबियस या दुसऱ्या प्रजातीचे जीव मरून गेले होते.

तसेच हे प्राणी कशानेही मरत नाहीत असे मुलांना सांगू नका. कोपनहेगन विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात हालचाल करणाऱ्या टार्डिग्रेडपैकी निम्मे ३७.१ अंश सेल्सिअसला चोवीस तासांत मेले. तापणाऱ्या जुन्या बल्बखाली बशी ठेवू नका, एलईडीचा दिवा वापरा.

कागदी_भिंग
म्हणजे फोल्डस्कोप आणि एलईडी. मी आधीच सांगितले होते.

अंबाळा_पारखी
चांगल्या सूक्ष्मदर्शकात एलईडी आतच असतो.

विज्ञानताई (सावंतवाडी)
निर्णय झाला आहे, आणि तो बहुतेकांना आवडणार नाही. मी संगणकाला जोडायचा डिजिटल सूक्ष्मदर्शकच मागवला आहे, मात्र लटपटणारा नव्हे, जड धातूच्या स्टँडचा, साडेतीन हजारांत. खोक्यावर काय छापले आहे ते मी वाचणारच नाही. निवृत्त_प्रयोगशाळा यांनी शोधासाठी वीस ते चाळीस पट पुरते असे सांगितले आणि या उपकरणांचे खरे वर्धन तेवढेच असते हेही त्यांनीच सांगितले. नेत्रभिंगाला एका वेळी एकच डोळा लागतो आणि चाळीस मुलांची रांग संपेपर्यंत तास संपतो. शाळेत प्रोजेक्टर आहे. नखे दिसणार नाहीत हे मान्य आहे. उरलेल्या पैशांत पेट्री बशा, ड्रॉपर, एलईडी दिवा, सिलिका जेल आणि दोन फोल्डस्कोप बसतात.

पैसे_बुडाले
ताई, पावती जपून ठेवा.

निवृत्त_प्रयोगशाळा (पुणे)
मी ते वर्धन सांगितले ते घेऊ नये म्हणून. असो. बशी हलू नये म्हणून खाली ओला टिपकागद ठेवा.

कोथरूडवासी
धागा आत्ताच वाचला. तो तीन हजारांचा जुना सूक्ष्मदर्शक अजून आहे का? दोन हजारांत देणार असाल तर रविवारी येतो.