मदत हवी आहे: पेटीत सापडलेले फोटो, मागे उर्दूत १३५१

सेलूजवळच्या गावी जुन्या घराचं माळवद उतरवताना पत्र्याच्या पेटीत ११ फोटो निघाले. नऊ जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, दोन फ्रेमच्या काचेला धरून बसलेत. लग्नाच्या फोटोमागे उर्दूत दोन शब्द आणि १३५१. घरचे म्हणतात हिजरी, म्हणजे १९३२. पण नवरदेवाचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १९२० आणि फोटोत त्याला चांगली झुपकेदार मिशी आहे! काचेचे फोटो कसे सोडवायचे?

गोदाकाठ:
मिशी खरं बोलतेय. हे फसली साल, म्हणजे निजामाचं सरकारी साल असणार, त्याच्या राज्यात कारभार फसलीतच चाले. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यानं सुरू होई. इसवी सन काढायला फसली सालात डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढं ५९१. म्हणजे १३५१ हे १९४१-४२. खात्रीसाठी आकड्याच्या डाव्या हाताला कोणतं उर्दू अक्षर आहे ते भिंगानं बघा: फे असेल तर फसली, दोनचष्मी हे असेल तर हिजरी, ऐन असेल तर इसवी. बहमन, खुर्दाद, तीर असा फसलीतला महिना लागला तर प्रश्नच मिटला. आणि सांभाळून, हाती लिहिलेला उर्दू ५ आपल्या शून्यासारखा गोल दिसतो, त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यामुळं १३५१ चं सहज १३०१ होतं.

जुनी काच:
सोडवायचेच नाहीत. दमटपणानं फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला चिकटतो. ओढलं की चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद. काचेसकट स्कॅन करा. साधारण ६०० डीपीआय, ६×९ सेंमीच्या छोट्या फोटोला १२००, टिफ (TIFF) फाईलमध्ये, आणि पाठही. बुरशी असेल तर सावलीत पंख्याखाली वाळवून, तोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशनं झटका. ओलं फडकं नको, ऊन नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेवर अंधारात मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, स्टुडिओचा दाबून उठवलेला ठसा असला तर दिसेल. मात्र स्टुडिओचं गाव म्हणजे लग्नाचं गाव असं धरू नका.

गोदाकाठ:
नावांसाठी छापील प्रती घरातल्या म्हाताऱ्या बायांना एकेकीला वेगळ्यानं दाखवा. एकत्र बसवलं की पहिलीचं नाव सगळ्या उचलतात. चेहऱ्याआधी दागिना विचारा. मग तहसीलमधलं १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदींचं) आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडची नामावळी ताडून बघा.

धागाकर्ता:
भिंगानं पाहिलं. फे आहे. महिना खुर्दाद.

गोदाकाठ:
म्हणजे एप्रिल १९४२ च्या आसपास. पाठीवर लिहून ठेवा, पण पेन्सिलनं.